औताला न जुंपता केलेलं बैलाचं कौतुक

सप्टेंबर आला की मराठी वेबसाइटांवर आणि यूट्यूबवर एक पीक जोमात येतं. त्याचं नाव ‘फर्स्ट इम्प्रेशन’. नवा आयफोन आला, हातात घेतला, दहा मिनिटं उलटापालटा करून बघितला आणि लगेच निकाल जाहीर: जबरदस्त! वर्षाच्या सुरुवातीला हेच पीक दुसऱ्यांदा येतं, तेव्हा वाण सॅमसंगचं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ही बातमी नाही. परीक्षण तर नाहीच नाही. ही जाहिरात आहे आणि ती वाचकाला बातमीचे कपडे घालून दाखवली जाते. वीस वर्षं तालुक्याच्या गावात बातम्या करतोय, त्यामुळे जाहिरात कोणती आणि बातमी कोणती एवढं तरी कळतं. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी ही दहा मिनिटं असतात कशी ते समजून घ्या. अमेरिकेत क्युपर्टिनोला किंवा सॅन होजेला कार्यक्रम होतो. मोठ्या पडद्यावर तासभर कौतुक चालतं. मग निमंत्रित पत्रकार आणि यूट्यूबवाल्यांना शेजारच्या दालनात सोडतात. तिथे टेबलांवर फोन मांडलेले. चार्जिंग भरलेलं, काचेवर एक बोट उमटलेलं नाही, दिवे कंपनीच्या मनासारखे, एसी चालू. प्रत्येक टेबलाशी कंपनीचा माणूस, काय दाबायचं आणि काय दाखवायचं ते सांगायला. मागे पन्नास माणसं कॅमेरे सरसावून उभी, म्हणजे तुमची पाळी संपली की सरकायचं. त्या फोनमध्ये तुमचं सिमकार्ड नसतं, तुमचे फोटो नसतात, गावच्या आणि भावकीच्या ग्रुपवर रोज पडणारे दोनशे ‘शुभ सकाळ’ नसतात.

यात कळतं काय? रंग कळतो. वजन कळतं. बटण कुठंय ते कळतं. बास. बॅटरी किती टिकते, उन्हात स्क्रीन दिसते का, रेंज धरतो का, बोलताना आवाज फाटतो का, तापतो का, सहा महिन्यांनी कसा चालतो, बिघडला तर कुठं न्यायचा आणि किती पडतात, यातलं काहीच कळत नाही. विकत घेणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

आमच्याकडे जनावरांच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी तोंड उघडून दात बघतो. दोनदाती की चारदाती. मग खांदा चाचपतो, सुजलाय का बघतो. मग चालवतो. आणि ज्याला खरंच घ्यायचाय तो म्हणतो, पाटील, औताला जुंपून दाखवा. तासभर औत ओढल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. त्याच शेतकऱ्याचा मुलगा ऐंशी हजारांचा फोन घेताना कुणाच्या भरवशावर घेतो? ज्याने बैलाच्या शिंगांना लावलेला रंग फक्त बघितलाय त्याच्या.

आता उदाहरणं देतो, नाहीतर म्हणाल नुसता त्रागा करतोय.

२०२३ च्या सप्टेंबरात आयफोन १५ प्रो आला. टायटॅनियमचा. तेव्हाच्या पहिल्या नजरेतल्या कौतुकात टायटॅनियम शब्द किती वेळा आला असेल ते मोजायला गणकयंत्र लागेल. काय ती मजबुती, काय तो हलकेपणा, यानातला धातू तुमच्या खिशात! विक्री सुरू झाली आणि काही दिवसांतच लोकांच्या तक्रारी आल्या की फोन तापतोय. ॲपलने ते मान्य केलं, सॉफ्टवेअरमधला दोष आणि काही ॲप यांच्याकडे बोट दाखवलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुधारित सॉफ्टवेअर पाठवलं. हे शोधलं कुणी? ज्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतला त्यांनी. दालनात दहा मिनिटं उभं राहणाऱ्यांना फोन गारच लागला होता, कारण दालन गार होतं.

आता गंमत बघा. ९ सप्टेंबर २०२५ ला आयफोन १७ प्रो आला तेव्हा टायटॅनियम गायब. फोन ॲल्युमिनियमचा. आत उष्णता पसरवायला व्हेपर चेंबर. आणि कौतुकाची भाषा तीच! आता ॲल्युमिनियम कसं भारी, उष्णता कशी लवकर बाहेर टाकतं. अरे, दोन वर्षांपूर्वी ज्या धातूचे पोवाडे गायलात तो काढून टाकला, तर एकदा तरी विचारा ना, का काढला? तेव्हा चुकलं होतं की आता काटकसर केली? कदाचित निर्णय योग्यच असेल. तांत्रिकदृष्ट्या ॲल्युमिनियम उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, हे शाळेच्या पुस्तकातलं विज्ञान आहे. पण मग हेही लिहा की आधीच्या फोनला तापण्याचा त्रास होता. ते लिहायचं नाही, कारण पुढच्या वर्षी आमंत्रण हवंय.

याच फोनच्या विक्रीचा पहिला दिवस १९ सप्टेंबर. त्याच दिवशी दुकानात मांडलेल्या फोनवर ओरखडे दिसतायत अशा बातम्या जगभर आल्या. ॲपलचं म्हणणं पडलं की ते ओरखडे नाहीत, दुकानातल्या झिजलेल्या चार्जिंग स्टँडचा अंश फोनला लागलाय, पुसला की जातो. बरं, तसं असेल. पण बघा, दुकानात आलेल्या साध्या गिऱ्हाइकाने पहिल्याच दिवशी जे बघितलं, ते दहा दिवस आधी फोन हातात घेतलेल्या तज्ज्ञांकडून आपल्याला कळलं नव्हतं. कळणार कसं? त्यांना नवाकोरा, पुसून ठेवलेला फोन मिळाला होता.

सगळ्यात मोठा किस्सा मात्र २०२४ चा. आयफोन १६ ची जाहिरात ‘ॲपल इंटेलिजन्स’ या नावावर झाली. फोनच त्यासाठी घडवलाय म्हणे. फोन विकायला आला २० सप्टेंबर २०२४ ला. ते इंटेलिजन्स त्यात नव्हतं! त्याचा पहिला हप्ता ऑक्टोबरच्या शेवटी आला, तोही अमेरिकी इंग्रजीत. भारतीय इंग्रजीला २०२५ चा एप्रिल उजाडला. आणि तुमची कामं ओळखून करणारी जी हुशार सिरी दाखवली होती, ती लांबणीवर पडल्याचं कंपनीनेच मार्च २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे लोकांनी सप्टेंबरात पैसे मोजले ते पुढं कधीतरी येणाऱ्या गोष्टीसाठी. शेतकऱ्याला कुणी म्हटलं की ट्रॅक्टर आज घेऊन जा, रोटाव्हेटर पुढच्या वर्षी पाठवतो, भाषा शिकला की, तर तो काय करेल ते इथे लिहिता येत नाही.

भाषेवरून आठवलं, मला हा मुद्दा जास्त टोचतो. ॲपल इंटेलिजन्सच्या भाषांच्या यादीत नंतर बऱ्याच भाषा वाढल्या. डॅनिश आली. नॉर्वेजियन आली. व्हिएतनामी, तुर्की आली. मराठी नाही. हिंदीही नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. आता सांगा, मराठीत लिहिलेल्या, मराठी माणसाने मराठी माणसासाठी केलेल्या फर्स्ट इम्प्रेशनमध्ये पहिला प्रश्न कोणता हवा? ‘यातली हुशारी मराठी जाणते का?’ हा. कितीजणांनी विचारला? मला तरी सापडला नाही. कारण मूळ मजकूर इंग्रजीत आलेला असतो आणि तिकडच्या लेखकाला मराठीशी देणंघेणं नसतं. आपला माणूस फक्त क्रियापदं बदलतो. तेवढंही धड नाही; प्रीमियम फील, इमर्सिव्ह अनुभव, गेम चेंजर कॅमेरा. यात मराठी कुठंय? ‘आणि’ आणि ‘आहे’ एवढीच. सगळ्यांना एका मापाने मोजायला नको म्हणून सांगतो, गुगलने जेमिनीचं ॲप जून २०२४ मध्ये भारतात आणलं तेव्हा नऊ भारतीय भाषांत मराठी होती. म्हणजे मनात आणलं तर जमतं. प्रश्न विचारणारा हवा.

आणि सगळं पाप ॲपलच्याच पदरात कशाला टाकू? ऑगस्ट २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७ आला तेव्हा पहिल्या नजरेत सगळे घायाळ झाले होते. वळणदार काच, डोळ्याच्या बुबुळावरून उघडणारं कुलूप. महिन्याभरात बॅटऱ्या पेटायला लागल्या. सुमारे २५ लाख फोन परत मागवावे लागले. बदलून दिलेलेही पेटले. ऑक्टोबरात मॉडेलच बंद. आपल्याकडे विक्री सुरू व्हायची होती तेवढ्यात हे घडलं म्हणून वाचलो. बॅटरीच्या आतला दोष दहा मिनिटांत दिसणार नाही, हे मला मान्य आहे, त्यासाठी मी कुणाला दोष देत नाही. पण जे दिसूच शकत नाही त्याबद्दल ‘बेस्ट फोन’ असा शिक्का मारायचा अधिकार कुठून येतो, हे मी विचारतोय.

कुणाला वाटेल, लेखणीवाल्यांवर उगीच संशय घेतोय. मग अमेरिकेतलं प्रकरण वाचा. २०१९ आणि २०२० मध्ये गुगलच्या पिक्सेल ४ च्या जाहिराती तिकडच्या रेडिओवर लागल्या. लोकांच्या ओळखीचे निवेदक मी हा फोन वापरतो, याने मी असे फोटो काढले, अशा थाटात प्रथमपुरुषी बोलत होते. त्यांनी तो फोन वापरलेलाच नव्हता. संहिता आयती आली होती. अशा जवळपास २९,००० जाहिराती वाजल्या. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि सात राज्यांनी गुगलवर आणि आयहार्टमीडिया या रेडिओ कंपनीवर कारवाई केली आणि २०२२ मध्ये ९४ लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. २०२४ च्या ऑगस्टात परत तोच खेळ. पिक्सेल फुकट वाटण्याच्या एका योजनेत अट होती की दुसऱ्या कंपनीचा फोन जास्त आवडतोय असं दिसलं तर आपलं नातं संपेल. बोंब झाली, गुगलने शब्दरचना चुकल्याचं म्हटलं आणि अट काढली. शब्दरचना!

आपल्याकडे नियम नाहीत असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सोशल मीडियावर शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. पैसे घेतले असतील, वस्तू फुकट मिळाली असेल, प्रवास किंवा हॉटेलचा खर्च कुणी केला असेल तर ते साध्या भाषेत, सहज दिसेल असं सांगा. आणि जी वस्तू स्वतः वापरली नाही तिची शिफारस करू नका. सरळ लिहिलंय. आता शेवटचे पाच फर्स्ट इम्प्रेशनचे व्हिडिओ उघडा आणि ‘विमानाचं तिकीट कंपनीने काढलं होतं की मी?’ याचं उत्तर शोधा. सापडलं तर कमेंटमध्ये टाका, मी त्या माणसाचं जाहीर कौतुक करीन.

मोठ्या शहरातल्यांचं सोडा, आमच्या पातळीवर काय चालतं ते सांगतो. एका पोर्टलवाल्याचा मला फोन आला होता. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही, असे शेकड्याने आहेत. म्हणाला, दादा, नव्या फोनवर ‘पहिली नजर’ लिहून द्या, आठशे शब्द, उद्या सकाळपर्यंत. मी म्हटलं फोन पाठवतोस का? तो हसला. खरंच हसला. कंपनीची प्रेस नोट पाठवतो म्हणाला, दोन इंग्रजी लिंका पाठवतो, त्यावरून करा, आणि ‘हातात घेताच जाणवतं’ वगैरे टाका, लोकांना आवडतं. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत तो लेख लागलेला होता, कुणा दुसऱ्याच्या नावाने. हातात घेताच जाणवतं, हे वाक्य होतं त्यात. लिहिणाऱ्या पोराला मी ओळखतो. त्याच्या स्वतःच्या फोनची काच दोन ठिकाणी तडकलीय आणि तो जिथे चार्जर वाकडा धरला तरच चार्ज होतो तसला फोन वापरतो. त्याचा राग येत नाही मला. त्याला त्या लेखाचे जेवढे मिळाले तेवढ्यात आमच्या एसटी स्टँडवर दोन जणांचं जेवण होत नाही. राग येतो तो लेखाखाली ‘इथे खरेदी करा’ असं बटण लावणाऱ्या मालकाचा. त्या बटणावरून कुणी फोन घेतला की त्याला कमिशन. म्हणजे लेख लिहिणारा दुकानाचा बिनपगारी सेल्समन आणि वाचक गिऱ्हाईक. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं, बातमीत कोण, काय, कुठे, कधी, का, कसं आलं पाहिजे. इथे फक्त ‘कितीला’ आणि ‘कुठे मिळेल’ उरलंय.

आता पैशांकडे येऊ, कारण जीव तिथेच अडकलाय.

आयफोन १७ ची सुरुवातीची किंमत ८२,९०० रुपये. प्रो १,३४,९०० ला. प्रो मॅक्सचा सगळ्यात मोठा २,२९,९०० ला. केंद्र सरकारच्याच पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च होता ४,१२२ रुपये. म्हणजे सगळ्यात स्वस्त आयफोन १७ बरोबर एका माणसाचा वीस महिन्यांचा खाण्या-राहण्या-औषधपाण्याचा खर्च. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. हमीभाव मिळाला असं धरलं, आणि ज्यांनी बाजार समितीत माल नेलाय त्यांना हसू येईल, तरी साडेपंधरा क्विंटल लागतात. आणि त्या किमतीत १८ टक्के जीएसटी आहे, साधारण साडेबारा हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठे टीव्ही, एसी यांचा कर २८ वरून १८ वर आला, मोबाईल होता तिथेच राहिला. एप्रिल २०२० पर्यंत तो १२ टक्के होता, हेही लोक विसरले.

एवढा पैसा रोख कोण देतो? आमच्या गावात बाजारपेठेतल्या मोबाईल दुकानात जा. काउंटरच्या शेजारी वेगळं छोटं टेबल आणि त्यावर दोन-तीन फायनान्सवाली पोरं. आधार द्या, पॅन द्या, सिबिल बघतो. पंधरा मिनिटांत कर्ज. बँकेत पीककर्जासाठी सातबारा, आठ अ, ना देय दाखला घेऊन चार हेलपाटे मारणाऱ्या बापाचा मुलगा इथे पंधरा मिनिटांत ऋणको होतो. वर ‘नो कॉस्ट’ असं लिहिलेलं असतं. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. व्याज असतंच. ते किमतीत, सोडून दिलेल्या सवलतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये मुरवलेलं असतं. क्रेडिट कार्डाचा हप्ता असेल तर व्याजाच्या भागावर वर जीएसटी. ८२,९०० चे चोवीस हप्ते केले तरी महिना ३,४५० च्या वर जातात, कव्हर आणि काच वेगळी, विमा घ्या म्हणून मागे लागतात तो वेगळा. आणि चोवीस महिने संपायच्या आत दोन नवे फोन येऊन गेलेले असतात, त्या दोघांचीही दहा मिनिटांत केलेली स्तुती याच पोराच्या मोबाईलवर आदळलेली असते.

इथे काही मित्र मला नेहमी अडवतात. पैसे त्यांचे, हौस त्यांची, तुझं काय जातं? गरिबाच्या पोराने आयफोन घेऊच नये का? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. घ्यावा. जरूर घ्यावा. गॅरेजमधल्या पोराने घ्यावा, पार्लर चालवणाऱ्या ताईने घ्यावा. ‘ऐपत बघून राहावं’ हे शहाणपण ज्यांची पोटं भरलीत तेच जास्त सांगतात, मला त्या रांगेत उभं करू नका. आमच्याकडे लग्नाचं शूटिंग करणारी पोरं आहेत. त्यांच्या हातात तो फोन म्हणजे अवजार आहे. नवरा-नवरीचे रील संध्याकाळच्या आत द्यायचे असतात, त्याचे पैसे मिळतात, हप्ता फिटतो. पण म्हणूनच त्याला खरी माहिती मिळायला नको का? ज्याच्याकडे चार फोन पडलेत त्याचा फोन फसला तर त्याला चालतं. कर्ज काढून घेणाऱ्याला चुकायची मुभा नाही.

त्या शूटिंगवाल्या पोराचा प्रश्न काय असतो? मे महिन्यात, पत्र्याच्या मंगल कार्यालयात, दुपारच्या मुहूर्ताला, ४३ डिग्रीत सलग चाळीस मिनिटं व्हिडिओ घेतला तर फोन चालेल की मान टाकेल? ॲपलच्या स्वतःच्या तांत्रिक पानावर लिहिलेलं आहे की आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायचा. पस्तीस! विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात मार्च ते जून पस्तीसच्या खाली पारा फक्त पहाटे असतो. हा आकडा कुठल्या मराठी फर्स्ट इम्प्रेशनमध्ये वाचलात? हा गुप्त आकडा नाही, कंपनीनेच छापलाय. फक्त तो वाचायला दालनात जायला लागत नाही म्हणून त्याला किंमत नाही.

दुसरं उदाहरण आयफोन एअरचं. ५.६ मिलिमीटर जाड, १६५ ग्रॅम वजन. दालनात सगळे त्याच्यावर लट्टू झाले, हातात घेऊन बघायलाच तो बनवलाय. किंमत १,१९,९००. त्यात सिमकार्डाची जागाच नाही, फक्त ई-सिम. पुण्या-मुंबईत ठीक असेल. आमच्याकडे फोन पडला, भिजला, बंद पडला की माणूस काय करतो? सिम काढतो आणि घरातल्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये घालतो. बँकेचा ओटीपी येतो, मंडईतल्या व्यापाऱ्याचा फोन येतो, काम थांबत नाही. ई-सिममध्ये हा मार्ग बंद. अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं तर जिल्ह्याचं ठिकाण, तिथे नसलं तर त्याच्याही पुढचं. एक दिवस मोडला, तिकीट मोडलं, आणि वर ‘पार्ट मागवावा लागेल, चार दिवसांनी या’. ऑक्टोबर २०२५ मध्ये निक्केईने बातमी दिली की मागणी नसल्यामुळे ॲपल एअरचं उत्पादन मोठ्या प्रमाणात कमी करतेय. पहिल्या नजरेत प्रेमात पडलेल्यांनी त्यानंतर दुसरी नजर टाकली का, ते मला दिसलं नाही.

आता आमच्या टीव्हीवाल्या बांधवांबद्दल दोन शब्द. १९ सप्टेंबर २०२५ ला मुंबईत बीकेसीच्या ॲपल दुकानाबाहेर रात्रीपासून रांग होती आणि सकाळी त्या रांगेत हाणामारी झाली. सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. दिवसभर तेच दृश्य. मारामारी झाली तर बातमी होणारच, त्याला हरकत नाही. पण बूम पुढे करून ‘कसं वाटतंय?’ हे विचारताना एकदा तरी ‘रोख घेताय की हप्त्याने?’ हे विचारलं असतं तर त्या रांगेची खरी बातमी मिळाली असती. त्यानंतर चारच दिवसांत मराठवाड्यात आणि सोलापुरात अतिवृष्टी झाली, सीना फुगली, गावंच्या गावं पाण्यात गेली. माढा, परंडा, करमाळा या नावांचा उच्चार करायला स्टुडिओला वेळ लागला. तिकडे कॅमेरा पोचेपर्यंत लोकच आपापल्या साध्यासुध्या फोनवर पाण्याचे व्हिडिओ काढून टाकत होते. फोनचं खरं फर्स्ट इम्प्रेशन ते होतं म्हणा हवं तर: भिजलेला, काच फुटलेला, सात टक्के बॅटरीवरचा फोन छतावरून रेंज धरतो की नाही. त्याची चाचणी कुठल्याच कंपनीच्या दालनात होत नाही.

एक गोष्ट मान्य करून टाकतो, नाहीतर म्हणाल याला काही चांगलं दिसतच नाही. साधा आयफोन १७ हा माझ्या मते त्या वर्षीचा त्यातल्या त्यात प्रामाणिक फोन. आधी फक्त प्रोमध्ये असलेली १२० हर्ट्झची स्क्रीन त्यात आली आणि सुरुवातच २५६ जीबीपासून झाली. ज्याला आयफोनच घ्यायचाय त्याने प्रोच्या नादी लागायचं कारण उरलं नाही. हे सांगायला मला तो हातात घ्यावा लागला नाही. दोन्हींचे तक्ते शेजारी ठेवले की दिसतं. पण नेमकं हेच सांगितलं तर प्रो कोण घेणार?

माझ्यासारख्याला कंपनी बोलावणार नाही आणि बोलावलं तरी मला तिथलं काही नको. मला हवंय ते तुमच्याकडे आहे. या पोस्टखाली लिहा. २०२३ नंतर ज्यांनी पन्नास हजारांच्या वरचा कुठल्याही कंपनीचा फोन घेतलाय त्यांनी एवढंच सांगा: रोख की हप्त्याने, आणि सगळं धरून शेवटी प्रत्यक्ष किती गेले. आता सकाळी शंभर टक्के केलेली बॅटरी किती वाजेपर्यंत जाते. उन्हात कधी बंद पडला का, काय करत असताना. दुरुस्तीला कुठं न्यावा लागला, किती किलोमीटर, किती दिवस, किती रुपये. बिलाचा फोटो असेल तर टाका, नाव आणि नंबर झाकून. शूटिंगवाल्यांनी, डिलिव्हरीवाल्यांनी, आशाताईंनी, शिक्षकांनी आधी लिहा, तुमचा फोन दिवसभर राबतो.

दुकानदार मित्रांनो, तुम्हीही लिहा. कोणतं मॉडेल सगळ्यात जास्त परत दुरुस्तीला येतं ते तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. जाहीर लिहिणं अडचणीचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. माझं सगळं जमवून झालं की दिवाळीनंतर तालुकावार मांडतो, कंपनीचं नाव झाकणार नाही, तुमचं झाकीन.